बीडच्या रस्त्यांवरचा धूर : २००० ते २०२५

बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीला रूळ पूर्वीपासून होते, पण बाकी जिल्ह्याची ने-आण तोवर बहुतांश रस्त्यावरच होत आली. कापूस, सोयाबीन, सिमेंट, दुष्काळात टँकरचं पाणी आणि दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीला निघालेली माणसं, सगळं डिझेलवर. हायब्रीड ट्रक बरा की डिझेल, हा प्रश्न हल्ली चर्चेत येतो. बीडपुरतं त्याचं उत्तर शोधायचं तर गेल्या पंचवीस वर्षांत इथल्या धुराचं काय झालं, हे आधी पाहायला हवं.

२००० साली देशभर वाहनांच्या धुराची पहिली ‘भारत स्टेज’ पातळी लागू झाली. त्या वेळच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत अडीच हजार भागांपर्यंत गंधक चालायचं. मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकच्या मागे सापडलेल्या मोटारसायकलवाल्याला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रुमाल काढला की नाकापाशी काळा डाग दिसायचा. पुढे २००५, २०१० आणि २०१७ असे टप्पे आले आणि १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा आली. गंधक दहा भागांवर आलं. धुरातली काजळी अडवणारी गाळणी आणि नायट्रोजनचे विषारी वायू मोडणारी, ड्रायव्हर ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात त्या द्रावाची टाकी, ही दोन्ही नव्या ट्रकला बसवूनच यायला लागली.

हा बदल किती मोठा, ते एका हिशेबातून कळतं. २००५च्या नियमानुसार ट्रकच्या इंजिनाने एक किलोवॉट-तास काम केलं तर ०.१५ ग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. आज ती ०.०१ ग्रॅम आहे. म्हणजे त्या काळच्या एका ट्रकला जेवढी काजळी माफ होती, तेवढ्यात आजचे पंधरा ट्रक बसतात. कार्बन डायऑक्साइड मात्र यातून कमी झाला नाही. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, गाळणी असो वा नसो.

हायब्रीडचा फायदा नेमका या दुसऱ्या बाजूला आहे. गाडी ब्रेक मारते किंवा उतारावर असते तेव्हा वाया जाणारी ताकद बॅटरीत साठवायची आणि सुटताना, चढताना ती मोटरमार्फत वापरायची. थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचं डिझेल त्याने चांगलं वाचतं. आपल्या राज्यात हा प्रयोग झाला तो मुंबईत. २०१८मध्ये एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटांच्या पंचवीस हायब्रीड बस घेतल्या. दर चौकात थांबणाऱ्या बसला हे तंत्र शोभतं. ट्रकमध्ये ते आपल्याकडे रुजलंच नाही. अनुदानाचा ओढा पूर्ण विजेच्या वाहनांकडे वळला आणि हायब्रीड मधेच राहिलं.

बीडला ते किती उपयोगी पडलं असतं? धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार, पाटोदा इथून कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात टोळी घेऊन जाणारा ट्रक धरू. साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता, लिटरला चार किलोमीटरचं ॲव्हरेज. एका फेरीला सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी लिटर डिझेल, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. हायवेवर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक फारसे लागतच नाहीत. हायब्रीडने पाच टक्के वाचले असं धरलं तरी साडेचार लिटरच्या आत. धारूरच्या घाटात थोडी भर पडेल, पण घाट संपला की पुन्हा सपाटी. बॅटरी आणि मोटरचा वाढीव खर्च एवढ्यावर कोण मालक काढणार?

पण त्याच ट्रकची दुसरी पाळी बघा. फडात मोळ्या भरून तो कारखान्यावर जातो. तिथे नंबर लागलेला असतो. काट्यापासून मागे ट्रॅक्टर आणि ट्रकांची रांग. रांग पाच-दहा मिनिटांनी एक गाडीभर सरकते. बॅटरी उतरलेल्या जुन्या गाडीचा ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, कारण पुन्हा चालू होईल याचा भरवसा नसतो. ती धडधडत उभी राहते. मागच्या ट्रॅक्टरवर मोळ्यांच्या आधाराने तोडकरी नवरा-बायको बसलेली, बाईच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं लेकरू, आणि पुढच्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंड बरोबर त्यांच्याकडे. पहाटे चारला उठून कोयता चालवलेल्या माणसाच्या छातीत हा धूर किती जातो, याची नोंद ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. हायब्रीडची सगळ्यात जास्त गरज या रांगेत आहे आणि तिथे ते पोचण्याची शक्यता सगळ्यात कमी आहे.

कारण या रांगेतल्या गाड्या शोरूममधून आलेल्या नसतात. मोठ्या शहरात दहा-बारा वर्षं राबलेला ट्रक जुन्या बाजारातून आपल्याकडे येतो. इथला मालक कर्ज काढून तो घेतो, इंजिन उघडून बसवतो आणि आणखी दहा वर्षं पळवतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांच्या हंगामावर नव्या ट्रकचा हप्ता निघत नाही. त्यामुळे नियम बदलले तसा त्यांचा लाभ पुण्या-मुंबईला लगेच मिळाला. आपल्या वाट्याला तो गाडीच्या वयाएवढा उशिरा येतो. सुधारलेलं डिझेलही मोठ्या शहरांना आधी मिळालं, पण इथल्या पंपावर आलं तेव्हा ते जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना एकाच वेळी मिळालं. पंचवीस वर्षांत बीडच्या हवेचं भलं कशाने झालं असेल तर ते पंपावरच्या या बदलाने. एकाच पंपावर श्रीमंताला एक आणि गरिबाला दुसरं, असं त्यात नव्हतं.

परळीची गोष्ट वेगळी. तिथे धुराहून राख मोठी. औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१चा. राख वाया जाऊ नये, विटा आणि सिमेंटमध्ये वापरली जावी असा नियम केंद्र सरकारने १९९९मध्ये केला, आणि राख कुठवर वापरायची ती हद्द पन्नास किलोमीटरवरून शंभर आणि २०१६मध्ये तीनशे किलोमीटरपर्यंत वाढवली. नियम चांगलाच होता. पण ती राख नेणार कोण? टिपर आणि हायवा. वरून ताडपत्री नसली की गाडी जाईल तिथवर रस्त्यावर राखेचा थर, ज्वारीच्या पानावर राख, दुकानाच्या काउंटरवर राख. त्या हायवाला हायब्रीड इंजिन बसवलं तरी यातलं काही कमी होत नाही. परळीकरांसाठी ट्रकच्या प्रदूषणात पहिला क्रमांक उघड्या हौद्याचा आहे, इंजिन नंतर.

मग सरळ विजेचा ट्रक? त्यातही परळी आडवी येते. देशात एक युनिट वीज तयार होताना आजही सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, निव्वळ कोळशाच्या विजेला त्याहून जास्त. जड ट्रकला किलोमीटरमागे एक-सव्वा युनिट लागतं. म्हणजे कार्बनच्या हिशेबात तो आज डिझेलच्या ट्रकशी जवळजवळ बरोबरीत आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या त्या लेकराच्या नाकाशी तो धूर सोडत नाही, आणि पाटोद्याच्या माळावरच्या पवनचक्क्यांसारखी वीज वाढत गेली तर त्याचा कार्बनही कमी होत जाईल. त्यामुळे हायब्रीडच्या मधल्या पायरीवर बीडने पैसा घालवू नये, असं माझं मत आहे.

जुलै २०२५मध्ये केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांचं अनुदान जाहीर केलं. अट अशी की, जुना ट्रक मोडीत काढल्याचा दाखला हवा. ही अट मला अनुदानापेक्षा मोलाची वाटते. मात्र धारूरचा एका गाडीचा मालक विजेचा ट्रक घेणार नाही, आणि म्हणून त्याची २००७ची गाडी मोडीतही जाणार नाही. तोच दाखला दाखवून त्याला भारत स्टेज सहाचा वापरलेला ट्रक स्वस्त कर्जावर घेता आला, तर आजच्या चौदा गाड्यांएवढी काजळी एका सहीने कारखान्याच्या रांगेतून निघून जाईल. हंगाम सुरू व्हायच्या आधी, मुकादम उचल वाटतात त्या दिवसांत, अशा कर्जाचे अर्ज तालुक्याच्या गावी भरून घेता येतील.