फायबर होडीचा स्प्रे पेंट: रंग बिघडला तर चूक कुठे शोधायची?

जुनी फायबरची होडी नव्याने रंगवणाऱ्या मित्रांनो, रंगातला प्रत्येक दोष त्याचं कारण स्वतःच सांगतो. ते ओळखता आलं की पुढचा हात सुधारतो.

🔹 माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे: पृष्ठभागावर मेण, तेल किंवा सिलिकॉन राहिलंय. आधी डीग्रीझरने पुसा, मगच पॉलिश पेपर मारा. उलट केलंत तर मेण ओरखड्यांत घासलं जातं.

🔹 संत्र्याच्या सालीसारखा पोत: रंग घट्ट, हवेचा दाब कमी किंवा गन लांब. साधारण १५ ते २० सेंमी अंतर ठेवा.

🔹 ओघळ: एकाच जागी जास्त रंग. पुसू नका. पूर्ण सुकू द्या, मग ठोकळ्यावर बारीक पेपर लावून घासा. पुढच्या वेळी पातळ हात मारा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा.

🔹 चमक जाऊन पांढुरकेपणा: दमट हवा किंवा दव. होडीचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस गरम असावा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. कोकणात पावसाळ्यानंतर संध्याकाळी लवकर दव पडतं, म्हणून सकाळी ऊन वर आल्यावर सुरुवात करा आणि दुपारीच थांबा.

सगळ्यात महत्त्वाचं: टू-पॅक पॉलीयुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क नसेल, तर हा रंग स्प्रेने मारू नका. रोलर आणि ब्रशनेही उत्तम फिनिश मिळतं.