वंशपरंपरेने येणारा दृष्टिनाश

धान्याच्या व्यापारात डोळा हेच पहिले भांडवल होय. वानगीचे दाणे तळहातावर येताच कीड, ओल व भेसळ ओळखावी लागते. म्हणूनच ऐन उमेदीत कोणाची दृष्टी मंदावली की पेठेत प्रथम मधुमेहाचीच चर्चा होते, आणि बहुधा ती खरीही ठरते. परंतु रक्तात साखर वाढलेली नसताही डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजत जाव्यात, असा एक अतिशय विरळा आनुवंशिक विकार आहे.

१९८८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे चिनी वंशाच्या एका अमेरिकन कुटुंबात व हॉलंडमधील एका कुटुंबातही तसाच विकार आढळला. प्रत्येक ठिकाणी नाव मात्र निराळे पडले. २००७ साली उलगडा झाला, की खाती तीन असली तरी आसामी एकच! 'ट्रेक्स-१' नामक जनुकातील दोषाने हे घडते. दृष्टी बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान ढासळू लागते. मागाहून मेंदू, आणि कित्येकांची मूत्रपिंडे व यकृतही ग्रासले जाते. मेंदूतील डाग गाठीसारखे दिसल्याने काहींवर शस्त्रक्रियाही झाल्या.

हा दोष आई किंवा बाप, कोणाही एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा. मुलगा-मुलगी हा भेद त्यास नाही.

अशा वेळी डॉक्टर घराण्याची माहिती विचारतात, आणि तेथेच आपली अडचण होते. पणजोबांच्या उधारीची चोपडी आपण जपून ठेवतो. पण आजोबांना कोणत्या वयात दिसेनासे झाले, हे सांगणारा घरात कोणी नसतो. सोयरिकीस बाध येईल या भयाने कित्येक गोष्टी दडविल्या जातात. आम्हांस हे दडविणे मुळीच मान्य नाही. त्यात नुकसान होते ते नातवाचे.

मूळ विकारावर खात्रीचा उपाय अद्याप नाही. पडद्यावर दुबळ्या नव्या वाहिन्या फुटू लागल्यास लेसरचा उपयोग करतात. जनुकाची परीक्षा रक्तावरून होते. परंतु ज्यास काहीच त्रास नाही अशा तरुणाने ती करावी की नाही, हे त्याने स्वतः, जाणत्या डॉक्टरांशी बोलून ठरवावयाचे असते. वडीलधाऱ्यांनी त्यास केवळ घरची खरी हकीकत सांगावी.