न मोजलेल्या हादऱ्याचा नकाशा

१७ जानेवारी १९९४, पहाटेचे साडेचार. लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. केंद्रापासून वीसेक किलोमीटरवरच्या सांता मोनिकात इमारतींची दैना उडाली, वाटेतल्या काही वस्त्या मात्र थोडक्यात बचावल्या. भूकंपाचा आकडा एकच, पण हादरा जागोजागी वेगळा. मग बचाव पथकांनी आधी धावायचं कुठे?

या प्रश्नावर डेव्हिड वॉल्ड आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'शेकमॅप' हे सॉफ्टवेअर उभं केलं. जमीन हलली की काही मिनिटांत रंगीत नकाशा तयार! निळसर भागात हलका हादरा, पिवळ्यात जोरदार, लाल भागात विध्वंसक.

नवल पुढेच आहे. हादरा मोजणारी यंत्रं असतात मोजक्या ठिकाणी, आणि नकाशाला तर प्रत्येक गल्लीचा रंग हवा. म्हणून सॉफ्टवेअर आधी सूत्राने अंदाज बांधतं: एवढा भूकंप, एवढं अंतर, म्हणजे साधारण एवढा हादरा. मग त्यात जमिनीचा हिशेब येतो. खडकापेक्षा मऊ गाळावर हादरा बहुधा वाढतो. पण जगभर भोकं पाडून माती कोण तपासणार? यावर वॉल्ड आणि ट्रेव्हर ॲलन यांनी २००७ मध्ये सुचवलेली युक्ती भन्नाट आहे: जमिनीचा उतार बघा! तीव्र चढ असेल तर खाली बहुतेक खडक, सपाटी असेल तर बहुतेक गाळ. आणि उतार तर अंतराळातून केलेल्या मोजणीतही कळतो.

आता यंत्रांचे आकडे येतात. सगळीच यंत्रं सूत्रापेक्षा जास्त दाखवत असतील, तर अख्खा नकाशा वर सरकतो. एखादंच यंत्र वेगळं बोलत असेल, तर त्याच्या आसपासचा रंग तेवढा बदलतो, आणि दूर जावं तसा त्याचा शब्द फिका पडतो.

माणसांचा शब्दही मोजला जातो. १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपात धरणातल्या यंत्राने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवलं, पण भोवतालच्या गावांचा हादरा ठरवायचा तर पडलेल्या भिंती पाहाव्या लागल्या, लोकांना विचारावं लागलं. आज हीच विचारपूस इंटरनेटवर होते. 'फडताळातल्या वस्तू पडल्या का? भिंतीला तडे गेले का?' अशा उत्तरांतून तीव्रता काढून तीही नकाशात मिसळतात. मात्र यंत्राच्या आकड्याइतकं वजन तिला मिळत नाही.

सगळ्यात मला आवडतो तो या सॉफ्टवेअरचा प्रामाणिकपणा. कुठला अंदाज किती कच्चा, याचाही हिशेब ते जागोजागी मांडतं. यंत्राजवळ खात्री जास्त, दूर कमी. नव्या नोंदी आल्या, तुटलेल्या भ्रंशाची, म्हणजे खडकातल्या भेगेची, लांबी कळली, की नकाशा पुन्हा काढला जातो. म्हणून पहिला नकाशा पाहून मदतीला निघायचं खरं, पण थोड्या वेळाने तो परत उघडून बघायचा. तोवर लाल पट्टा सरकलेला असू शकतो.