विशीच्या आतले खांदे

नाताळचा दुसरा दिवस उजाडला की कॅनडात घरोघरी टीव्ही लागतो तो विशीच्या आतल्या मुलांची आइस हॉकी पाहायला. जागतिक ज्युनिअर स्पर्धा २६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. दहा देशांचे संघ येतात आणि बर्फावर उतरणारी बहुतेक मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतात. १९७७पासून अधिकृतपणे भरणाऱ्या या स्पर्धेचा मागोवा घेताना विक्रम आणि पदकं पुष्कळ सापडतात. पण त्यांच्या जोडीने आणखी एक इतिहास उलगडत जातो: मोठ्या माणसांनी या मुलांच्या खांद्यांवर वेळोवेळी काय काय लादलं, त्याचा.

पहिली अधिकृत स्पर्धा चेकोस्लोव्हाकियात झाली. पहिली चारही विजेतेपदं सोव्हिएत संघाने घेतली. १९७८ साली कॅनडाकडून सोळा वर्षांचा वेन ग्रेट्स्की खेळला. त्याने सहा सामन्यांत १७ गुण (गोल आणि गोलसाहाय्य मिळून) मिळवले, तरी संघाला कांस्यपदकच मिळालं. त्या काळात कॅनडा बऱ्याचदा देशातला विजेता क्लबच या स्पर्धेला धाडत असे. १९८२ साली मात्र देशभरातून निवड करून, नीट तयारी करून घेतलेला संघ पाठवला गेला आणि त्याने सुवर्ण जिंकलं. त्या विजयानंतर अमेरिकेतल्या रॉचेस्टरला वाजवायला राष्ट्रगीताची ध्वनिफीत नव्हती, तेव्हा मुलांनी ते स्वतःच गायलं. खेळणाऱ्यांची आधीपासून काळजी घेतली की काय घडतं, ते त्या वर्षी दिसलं.

पाचच वर्षांनी नेमकं उलटं घडलं. ४ जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्तानी. कॅनडा सोव्हिएत संघाविरुद्ध ४-२ने पुढे होता. पदक नक्की होतं, सुवर्णही आवाक्यात होतं. दुसऱ्या सत्रात दोघा खेळाडूंची जुंपली, सोव्हिएत राखीव खेळाडू बाकावरून बर्फावर धावले आणि पाठोपाठ कॅनडाचेही उतरले. पंचांना मारामारी आवरेना, ते निघून गेले. शेवटी कुणीतरी रिंकवरचे दिवेच बंद करायला लावले आणि मुलं अंधारात एकमेकांना ठोसे मारत राहिली. दोन्ही संघ बाद झाले, सुवर्ण फिनलंडला गेलं. शीतयुद्धाचा राग दोन्हीकडच्या मोठ्यांनी वर्षानुवर्षं जोपासला होता. त्या रात्री तो फुटला, आणि खेळण्यावरची बंदी मुलांच्याही वाट्याला आली. पुढे खेळाडूंची शिक्षा कमी झाली. बर्फावर भिडलेल्यांपैकी थिओ फ्ल्यूरी १९८८ साली कॅनडाचा कर्णधार म्हणून मॉस्कोत उतरला आणि त्याच्या संघाने तिथेच सुवर्ण जिंकलं. या मुलांना दुसरी संधी मिळाली हे फार बरं झालं.

१९९१च्या डिसेंबरात जर्मनीतल्या फ्युसेनला पोहोचलेल्या सोव्हिएत मुलांचा तर स्पर्धा चालू असताना देशच नाहीसा झाला. संघ सोव्हिएत नावाने खेळू लागला आणि स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाच्या (सीआयएस) नावाने सुवर्ण घेऊन परतला. त्यात अलेक्सेई याशिन, अलेक्सेई कोवालेव्ह होते, आणि बचावात लिथुआनियाचा दारियस कास्पारायटिस. त्याचा देश तर आधीच स्वतंत्र झाला होता. आपण कोणासाठी खेळतो आहोत याचं उत्तर कुणी धड देऊ शकत नसताना ही मुलं इतकं सुंदर खेळली, याचा आदर वाटतो.

पुढे कॅनडात ही स्पर्धा टीव्हीमुळे सणासारखी झाली. कॅनडाने दोनदा सलग पाच सुवर्णपदकं जिंकली. २००९ साली ओटावात उपांत्य सामना संपायला ५.४ सेकंद उरले असताना जॉर्डन एबरलीने बरोबरी साधली, तो गोल तिथे अजून आठवला जातो. पण ज्या गर्दीने एबरलीला डोक्यावर घेतलं, तिचंच दुसरं रूप २०१९ साली व्हँकुव्हरमध्ये दिसलं. फिनलंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीच्या जादा वेळेत कर्णधार मॅक्स कोमटोआचा पेनल्टीचा फटका हुकला, संघ हरला, आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलावर समाजमाध्यमांवर शिव्यांचा भडिमार झाला.

त्यानंतरचा काळ अधिकच खडतर ठरला. २०२१च्या डिसेंबरात करोनामुळे अल्बर्टातली स्पर्धा अर्ध्यातच रद्द झाली आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पहिल्यापासून खेळवली गेली. अंतिम सामन्याच्या जादा वेळेत मेसन मॅकटॅविशने गोलरेषेवर हवेतला पक (रबरी चकती) स्टिकने अडवला आणि काही क्षणांतच केंट जॉन्सनच्या गोलने कॅनडा जिंकला. त्या स्पर्धेत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. २०१८च्या विजेत्या संघातल्या खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला होता, आणि हॉकी कॅनडा या संस्थेने तक्रारदार तरुणीशी गुपचूप तडजोड केल्याचं २०२२ सालीच उघड झालं. अशा दाव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या निधीत लहान मुलांच्या नोंदणी शुल्काचे पैसे होते. ऑक्टोबरात संस्थेचं नेतृत्व पायउतार झालं. २०२५ साली न्यायालयाने आरोपी असलेल्या पाचही खेळाडूंना निर्दोष ठरवलं. तरीही संस्थेने प्रश्न लपवून पैशांनी मिटवू पाहिला, ही गोष्ट त्या निकालाने पुसली जात नाही.

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ साली, रशिया आणि बेलारूस यांना या स्पर्धेबाहेर ठेवलं गेलं. तो निर्णय मला योग्य वाटतो. युक्रेनमधल्या त्याच वयाच्या मुलांनी मोजलेली किंमत कितीतरी मोठी आहे. पण पुन्हा एकदा मोठ्यांच्या कर्माचं फळ मुलांच्या पदरात पडलं, हेही खरं.

२०२३ साली हॅलिफॅक्सला सतरा वर्षांच्या कॉनर बेडार्डने सात सामन्यांत २३ गुण मिळवले. अशी गुणी मुलं दर हिवाळ्यात येत राहतील. त्यांना घडवणाऱ्या संस्था, प्रशिक्षक, वाहिन्या आणि प्रेक्षक यांनी मात्र स्वतःचाही हिशेब मांडायला हवा. एखाद्या वर्षी सुवर्ण कोणी जिंकलं, याच्याआधी विचारायचा प्रश्न हा आहे: खेळून परतलेल्या, आणि विशेषतः हरून परतलेल्या, मुलाच्या पाठीशी कोण उभं राहिलं?