दोषांचा रोजमेळ

खिशात मावेल एवढी एक वही. तिच्या प्रत्येक पानावर लाल शाईने आखलेले सात उभे रकाने, वारांचे. त्यांना छेदणाऱ्या तेरा आडव्या ओळी, गुणांच्या. ओळीच्या डोक्याशी त्या त्या गुणाचं आद्याक्षर. संध्याकाळी वही उघडायची, दिवस आठवायचा आणि ज्या गुणात आज चूक झाली त्या ओळीत, त्या वाराच्या घरात, एक काळा ठिपका द्यायचा. दोनदा चुकलं तर दोन ठिपके. चांगलं वागल्याची खूण कुठेच करायची नाही. चांगला दिवस गेला तर घर कोरं राहतं.

ही वही बेंजामिन फ्रँकलिनची. पुढे विजेच्या प्रयोगांनी तो जगभर गाजला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पण वही आखली तेव्हा तो फिलाडेल्फियातला एक तरुण मुद्रक होता. तिची हकिकत त्याने आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात लिहिली, १७८४ साली, पॅरिसजवळच्या पासी इथे राहत असताना. तेव्हा त्याला ७९वं वर्ष लागलं होतं. त्याच्या तेरा गुणांची यादी पुष्कळ ठिकाणी छापलेली सापडते. वही चालते कशी, हे क्वचितच कुणी सांगतं. मी ती काही वर्षं वापरते आहे, म्हणून सावकाश सांगते.

फ्रँकलिनला सुरुवातीला वाटलं होतं की बरं-वाईट आपल्याला कळतं, मग बरं तेवढंच करायला अडचण कसली? अडचण लगेच दिसली. एका दोषावर पहारा ठेवावा तर तेवढ्यात दुसरा मागच्या दाराने आत यायचा. लक्ष जरा ढळलं की जुनी सवय डोकं वर काढायची. कधीकधी तर कळत असूनही ओढच जास्त जोर करायची. कळणं पुरेसं नाही, जुनी सवय मोडून तिच्या जागी नवी बसवावी लागते, असं त्याच्या ध्यानात आलं. त्यासाठी त्याला हत्यार हवं होतं, आणि दुकानदाराला सुचावं तसंच ते त्याला सुचलं. दुकान बंद करताना रोजमेळ लिहावा, तसा वागण्याचा रोजमेळ. रोज रात्री स्वतःची झाडाझडती घेण्याची कल्पना मुळात पायथागोरसच्या नावावर चालत आलेल्या सुवर्णवचनांतली. तिला रकाने पाडले ते फ्रँकलिनने.

पहिलं काम व्याख्येचं. फ्रँकलिनने प्रत्येक गुणापुढे एकदोन लहान वाक्यं लिहिली. मिताहार म्हणजे सुस्ती येईल इतकं खायचं नाही आणि चढेल इतकं प्यायचं नाही. मौन म्हणजे ज्यात ना दुसऱ्याचं हित ना आपलं, ते बोलायचं नाही. अशी वाक्यं असली की रात्री निवाडा करता येतो. मी पहिल्यांदा वही आखली तेव्हा एका ओळीवर नुसतं 'संयम' लिहिलं होतं. आठवडाभर ती ओळ कोरी राहिली आणि मला बरंही वाटलं. पण संयम मोडला की नाही हे ठरवायला माझ्याकडे मापच नव्हतं. मग त्या ओळीपुढे लिहिलं, 'अंथरुणात फोन हातात घेतला.' दुसऱ्याच दिवशीपासून ठिपके पडू लागले. ज्या वाक्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही, ते वाक्य वहीत चालत नाही.

त्यानंतर क्रम. मिताहार पहिला, कारण पोट आणि पेला ताब्यात असला की डोकं थंड राहतं, आणि पुढचा सगळा पहारा डोक्यालाच करायचा असतो. मौन दुसरं, कारण ज्ञान जिभेपेक्षा कानाने जास्त मिळतं असं त्याचं मत होतं आणि चारचौघांत शाब्दिक कोट्या करत बसायची त्याला खोड लागली होती. मग व्यवस्थितपणा, म्हणजे कामाला वेळ मिळेल. पुढे निश्चय, काटकसर, उद्योग. प्रत्येक गुण पुढच्यासाठी वाट मोकळी करतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखा. आपला जिना वेगळा असू शकतो. ज्याची झोपच धड होत नाही त्याने रागापासून सुरुवात करून काही हाती लागत नाही, आधी झोपेची ओळ आखावी.

आता वहीतली खरी मेख. आठवड्याला एकच गुण. त्या आठवड्यात कडक लक्ष फक्त त्या ओळीवर, ती कोरी ठेवायची. बाकीच्या बारांवर पहारा नाही. त्यांचे ठिपके मात्र रोज रात्री प्रामाणिकपणे द्यायचे. फ्रँकलिनने यासाठी बागेतलं तण काढणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो सगळी बाग एकदम उपटायला जात नाही, एक वाफा संपला की दुसरा घेतो. तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षाला चार.

बाकीच्या बारा ओळी मोकळ्या सोडायच्या तर त्यांचे ठिपके तरी कशाला? तेरापैकी एकच पाळायचं ठरलं की माणूस बाकीचे विसरूनच जातो. ठिपका देण्याच्या निमित्ताने ते रोज एकदा डोळ्यांसमोरून जातात, आणि काही आठवड्यांनी एखाद्या ओळीत ठिपके आपोआप विरळ झालेले दिसतात. तिच्याकडे आपण मुद्दाम पाहिलेलंही नसतं.

पहिल्या काही आठवड्यांत वही निराश करते. आपण समजत होतो त्यापेक्षा आपल्यात दोष फार जास्त आहेत, हे पाहून फ्रँकलिनही चकित झाला होता. माझ्या ओळखीच्या ज्यांनी ज्यांनी ही वही सोडली, त्यांनी याच टप्प्यावर सोडली. हल्ली फोनवर सवयींची अॅप्स मिळतात, त्यांत केलेल्या गोष्टीपुढे बरोबरची खूण पडते. ती खूण पाहून उमेद येते हे खरं. पण एक दिवस साखळी तुटली की माणूस अॅपच काढून टाकतो, हेही मी पाहिलं आहे. ठिपक्यांच्या वहीत तुटायला साखळी नसते. तिला दोष अपेक्षितच असतात, त्यांच्यासाठी तिने घरं आखून ठेवलेली असतात.

नवा फेरा सुरू करताना फ्रँकलिन जुने ठिपके खरवडून काढायचा. खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली. मग त्याने टिपणवहीतल्या हस्तिदंती पत्र्यांवर लाल शाईच्या पक्क्या रेघा आखल्या आणि ठिपके शिसपेन्सिलीने द्यायला सुरुवात केली. ओला स्पंज फिरवला की ठिपके जायचे, रेघा राहायच्या.

त्याला सगळ्यात जड गेला तो व्यवस्थितपणा. धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या वेळा पाळाव्या लागतात, स्वतःचं वेळापत्रक बाजूला राहतं. शिवाय स्मरणशक्ती चांगली असल्याने वस्तू जागच्या जागी ठेवायची गरज त्याला कधी पडली नव्हती. इथे तो एक गोष्ट सांगतो. एका माणसाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि तिच्या धारेसारखंच सगळं पातं लखलखीत करून मागितलं. लोहार म्हणाला, देतो, पण सहाणेचं चाक तू फिरव. लोहार पातं दाबून धरायचा, चाक जड व्हायचं, माणूस दमायचा. थोड्या वेळाने तो कुऱ्हाड आहे तशीच न्यायला निघाला. लोहार म्हणाला, अजून फिरव, होईल चकचकीत, आत्ता नुसती ठिपक्याठिपक्यांची झाली आहे. त्यावर माणूस म्हणाला, मला ठिपक्यांचीच आवडते. आपणही पुष्कळदा त्या माणसासारखं मन वळवून घेतो, असं फ्रँकलिन कबूल करतो. व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, पण या खटाटोपाने आपण आधीपेक्षा बरे आणि सुखी झालो, असं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं.

मुळात त्याच्या यादीत बाराच गुण होते. क्वेकर पंथातल्या एका मित्राने त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, वादात तू नुसतं खरं ठरून थांबत नाहीस, समोरच्याला दडपतोस. मित्राने उदाहरणंही दिली. म्हणून तेरावी नम्रता आली. तिच्यासाठी त्याने बोलण्यातून 'नक्कीच', 'निःसंशय' असे शब्द काढून टाकले आणि 'मला सध्या असं दिसतं' या धर्तीवर बोलायला लागला. लोक त्याचं जास्त ऐकू लागले. पण नम्रतेचं रूप आलं तरी खरी नम्रता आली असं म्हणता येत नाही, असं तो स्वतःच लिहितो.

याच जागी गांधींचं वेगळं म्हणणं आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून ते दर मंगळवारी सकाळी साबरमतीच्या आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. तीच पत्रं 'मंगल प्रभात' या नावाने पुस्तकरूपात आली. आठवड्याला एक गुण ही चाल इथेही आहे. पण नम्रता व्रत म्हणून घेता येत नाही, असं त्यांनी त्यात लिहिलं. ती मुद्दाम कमवायला जावं तर दंभ हाती येतो. मला गांधींचं पटतं. नम्रतेची ओळ मी आखत नाही.

न्यायाची ओळ त्याहून अवघड. आपल्या वागण्याने कुणाचं नुकसान होऊ नये, कुणाला द्यायचं ते देणं राहू नये, अशी फ्रँकलिनची व्याख्या. तरीही अनेक वर्षं त्याच्या घरात गुलाम होते, आणि गुलामांच्या विक्रीच्या व पळून गेलेल्यांना शोधण्याच्या जाहिराती त्याच्या वर्तमानपत्रात छापल्या जात. आयुष्याच्या अखेरीस तो बदलला: १७८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये, मरणाच्या दोन महिने आधी, त्याच्या सहीने गुलामगिरीविरुद्धचा अर्ज अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. मधल्या सगळ्या वर्षांत त्या ओळीने त्याला का टोचलं नाही, हा प्रश्न मला सोडत नाही. माझ्यापुरतं उत्तर असं आहे की व्याख्या लिहिणारा आणि ठिपका देणारा एकच माणूस असतो, आणि ज्याला तो चूक मानतच नाही त्याचा ठिपका पडणार कसा? त्याच्या वहीतली एकच ओळ दुसऱ्याच्या तोंडून आली होती, तेरावी.

म्हणून मी वहीत एक भर घातली. एक ओळ दुसऱ्या कुणाकडून मागून घ्यायची. मी आईला विचारलं. ती साताऱ्याला असते, रोज रात्री आमचं फोनवर बोलणं होतं. ती आधी टाळायला लागली, मग म्हणाली, "तुला काही सांगायचं म्हणजे धावती गाडी पकडावी लागते बघ. मी बोलायला लागले की तू पुढच्या स्टेशनात जाऊन उभी." मी मौनाची ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, 'समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण केलं.'

पहिल्या सोमवारी सहा ठिपके पडले, त्यातले चार एकट्या आईच्या फोनवरचे. ती शेजारच्या काकूंच्या गुडघ्याबद्दल सांगत होती आणि डॉक्टर काय म्हणाले असतील ते मीच सांगून टाकत होते. बुधवारी तीन. शुक्रवारी पेन्सिल हातात धरूनच बोलले. ती थांबली की मीही थांबायचे. त्या थांब्यात मला फार अवघडल्यासारखं व्हायचं, पण दर वेळी तिचं पुढचं वाक्य यायचं, आणि ते मी मनात पूर्ण केलेल्या वाक्यासारखं क्वचितच असायचं. काकूंच्या गुडघ्यावरून ती स्वतःच्या गुडघ्यावर आली. दोन महिने दुखतोय, म्हणाली, जिना उतरताना कठड्याला धरते.

मग जरा वेळ थांबून तिने विचारलं, "आज काही काम नाही वाटतं तुला?"