शीवेपलीकडची मराठी : साष्टीतील ख्रिस्ती समाज, साम्राज्यांच्या सीमा आणि वाङ्मयेतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

धर्मभेद आणि राष्ट्रभेद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्वतः कोणीही मान्य करील. व्यवहारात मात्र एखाद्याचा धर्म वेगळा दिसला की त्याचा देशही वेगळा असावा, अशी शंका चटकन घेतली जाते. ही शंका नेहमीच मूळची असते असे नाही. पुष्कळदा ती राज्यकर्त्यांनी घालून दिलेल्या विभागणीतून येते आणि ते राज्यकर्ते गेल्यानंतरही टिकून राहते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ख्रिस्ती लेखनाला बहुधा एका स्वतंत्र प्रकरणात बसविले जाते. ही मांडणी सोयीची आहे हे खरे. परंतु तिच्यामागे वाङ्मयीन निकष कितपत आहे आणि साम्राज्यांनी मागे ठेवलेली वर्गवारी कितपत आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात त्यासाठी साष्टी बेटाचे, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांचे, उदाहरण घेतले आहे.

२. शीव आणि देवनार

वसईच्या १५३४ सालच्या तहान्वये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या भोवतालची बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. जुआंव द कास्त्रो याच्या कारकीर्दीत, १५४८ च्या सुमारास, देवनारच्या शेजारची चेंबूर आणि तुर्भे ही गावे दों रोक तेलो द मेनेझिस या पोर्तुगीज सरदाराला दिली गेली. पुढे १६६१ च्या विवाह-कराराने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडे आले आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीला मिळाले. साष्टी मात्र पोर्तुगालकडेच राहिली. परिणामी दोन युरोपीय राष्ट्रांची हद्द शीव आणि माहीम येथील खाडीतून गेली : अलीकडे प्रॉटेस्टंट इंग्लंड, पलीकडे कॅथलिक पोर्तुगाल. या हद्दीवर इंग्रजांनी शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला. गावाच्या हद्दीला मराठीत ‘शीव’च म्हणतात, हे येथे लक्षात घ्यावे.

शीवपासून काही मैलांवर असलेला देवनारचा परिसर या सीमेच्या पोर्तुगीज बाजूस पडला. आज देवनार म्हटले की १९२७ पासूनची कचराभूमी, १९७१ पासूनचा पशुवधगृहाचा परिसर आणि १९५४ मध्ये येथे आलेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था एवढ्याच खुणा लोकांना आठवतात. परंतु एके काळी हा भाग दोन साम्राज्यांच्या सीमेवरचा मुलूख होता. सीमेच्या दोन्ही बाजूंना कोळी, आगरी, भंडारी, कुणबी असे तेच समाज राहत होते आणि बोलत होते तीही मराठीच. राष्ट्रांची सीमा येथे होती, भाषेची नव्हती.

साष्टीत धर्मांतरे झाली, त्यांत सक्तीचाही भाग होता, हे झाकण्याचे कारण नाही. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले, याची साक्ष ते स्थळच देते. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीचा अल्प खंड सोडता, धर्मसमीक्षण-संस्था म्हणजे इन्क्विझिशन चालू होते. परंतु राज्यकर्त्याची सक्ती आणि रयतेची श्रद्धा या एकच गोष्टी मानता येत नाहीत. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई घेतली. वसईच्या शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेच्या धर्माचरणाला मुभा होती. त्यानंतर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेईपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे, साष्टीतील ख्रिस्ती समाज पेशव्यांच्या राज्यात नांदला. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी धर्म राहिला. तो केवळ सत्तेच्या आधाराने उभा असता तर असे घडले नसते.

३. पुराणकार इंग्रज

‘साष्टी’ हे नाव सहासष्ट गावांवरून आले, असे मानतात. गोव्यातील ‘सासष्टी’ हे त्याच अर्थाचे दुसरे नाव. या गोमंतकीय सासष्टीतील रायतूर येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत मुद्रित झाला. त्याच्या आरंभीच्या आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या रूपाने. १९०७ मध्ये तो मंगळूरहून पुन्हा छापला गेला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

स्टीफन्सचे चरित्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. तो जन्माने इंग्रज. त्याचा कॅथलिक पंथ त्याच्या स्वतःच्या राष्ट्रात निषिद्ध ठरलेला. १५७९ मध्ये तो गोव्यास आला, तो पोर्तुगीज राजाश्रयाखालील धर्मसंस्थेचा सेवक म्हणून. पुढल्याच वर्षी पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजाकडे गेले. स्टीफन्सचे राष्ट्र एक, पंथ दुसऱ्याचा, राजा तिसरा. आणि ग्रंथाची भाषा मराठी. धर्म हा राष्ट्राचा गुणधर्म असतो, हे गृहीत या एका ग्रंथकाराच्या बाबतीतही टिकत नाही.

ग्रंथाच्या आरंभी रचनेचे जे निमित्त सांगितले आहे तेही महत्त्वाचे आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरी का देत नाही, अशा आशयाची मागणी तेथे एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या तोंडी आली आहे. या मागणीत एका हानीची कबुली आहे. ती भरून काढण्यासाठी स्टीफन्सने निवडलेला मार्ग मात्र ओवीचा, पुराणरचनेचा आणि श्रोतृसंवादाचा, म्हणजे मराठी कथनपरंपरेचाच होता. एकनाथी भागवत १५७३ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी ‘क्रिस्तपुराण’ येते. या दोन ग्रंथांना एकाच रचनापरंपरेत ठेवून वाचण्यास वाङ्मयीनदृष्ट्या कोणतीच अडचण नाही.

अडचण आली ती राजसत्तेकडून. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम केला. ‘क्रिस्तपुराणा’नंतर सत्तर वर्षेही लोटली नव्हती. ज्या भाषेत धर्म सांगितला गेला तीच आता राज्याला परकी वाटू लागली. ख्रिस्ती माणूस आणि देशी भाषा यांच्यातील अंतर धर्माने निर्माण केले, असा समज सर्वसाधारणपणे असतो. या फर्मानाकडे पाहता ते राज्याने निर्माण केले असे म्हणणे अधिक युक्त ठरते.

४. नावाचे राजकारण

इंग्रजी अमलात हे अंतर वेगळ्या रीतीने वाढले. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील धर्मव्यवस्था पाहण्याचा अधिकार पोपकडून मिळालेला होता. त्यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. मुंबईच्या इंग्रज सरकारला आपल्या प्रजेच्या धर्मगुरूंनी परक्या राजाशी निष्ठा ठेवावी हे रुचेना. १७२० मध्ये त्याने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना काढून रोमच्या धर्मप्रसार मंडळाच्या अधिकाराखालील कार्मेलाइट धर्मगुरूंना आणले. १७९४ मध्ये मुंबईतील चर्चे दोन पक्षांत वाटली गेली. ही दुहेरी धर्मसत्ता पोर्तुगाल आणि पोप यांच्यातील १९२८ च्या कराराने संपली. एकाच पंथाचे, एकच भाषा बोलणारे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या दोन अधिकारक्षेत्रांत विभागले गेले. आणि या वादात धर्मसिद्धान्ताचा प्रश्न नव्हताच, प्रश्न होता तो राजनिष्ठेचा.

याच परिस्थितीत १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, उत्तर कोकणातील स्थानिक ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. तोपर्यंत या समाजाला सर्रास ‘पोर्तुगीज’ म्हटले जाई. नोकरीसाठी मुंबईत येणाऱ्या गोमंतकीय आणि मंगळुरी ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, कंपनीच्या काळापासूनचे ब्रिटिश प्रजाजन आहोत, हे सरकारदरबारी ठसविणे हा त्यामागील हेतू होता. हेतू व्यावहारिक होता आणि त्या काळात समंजसपणाचाही. परंतु एका साम्राज्याने दिलेली ओळख टाकण्यासाठी दुसऱ्या साम्राज्याचे नाव घ्यावे लागले, आणि ज्या भाषेने हा समाज शेजाऱ्यांशी बांधला गेला होता तिचा उल्लेख दोन्ही नावांत नाही.

५. बोलीची साक्ष

ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेही साम्राज्याचेच कार्य. पण येथे निकष भाषेचा होता. त्यात ठाणे जिल्ह्यातील ‘किरिस्ताव’ बोली कोळी, कुणबी, आगरी या बोलींच्या जोडीने मराठीच्या कोकणी शाखेत नोंदविली आहे. नावाने जे वेगळे पाडले होते, ते बोलीने पुन्हा शेजारी आणून बसविले. लग्नातील ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी, लुगडे आणि मराठी लग्नगीते यांतूनही हेच दिसते.

किरिस्ताव बोलीतील पोर्तुगीज शब्दांमुळे ती परकी वाटते, असा आक्षेप येऊ शकेल. त्याला उत्तर प्रमाण मराठीतच आहे. पाव, बटाटा, काजू, अननस, पगार, चावी, घमेले हे शब्द पोर्तुगीजांमार्फतच आपल्याकडे आले. पगार घेताना कोणालाही आपण परकीय झालो असे वाटत नाही. तोच निकष बोलीला लावावयास हवा.

६. समारोप

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून काही गटांनी विरोध केला. दिब्रिटो यांचे २०२४ मध्ये निधन झाले. त्यांच्या लेखनाविषयी वाद झाला असता तर तो वाङ्मयीन ठरला असता. प्रत्यक्षात वाद झाला तो मराठीवरील त्यांच्या हक्काविषयी. शीवच्या खाडीतील जुनी सीमा अद्याप मनांतून पुसली गेली नसल्याचे हे लक्षण होय.

अभ्यासकांपुढे यातून दोन कामे येतात. पहिले, ‘क्रिस्तपुराण’ वेगळ्या प्रकरणातून काढून एकनाथोत्तर ओवीरचनेच्या प्रवाहात शिकविणे. त्यातील भाषांतराचे आणि सत्तेचे प्रश्न न टाळता शिकविणे. दुसरे, साष्टीतील गावठाणे इमारतींच्या वेढ्यात आकसत असताना तेथील वृद्धांची बोली आणि गीते नोंदवून ठेवणे. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील महाविद्यालयांना हे क्षेत्रकार्य आपल्या दारातच करता येईल. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणास शंभरांहून अधिक वर्षे उलटली आहेत. त्यातील किरिस्ताव नमुन्यांशी ताडून पाहण्याजोगी नवी सामग्री गोळा करावयाची, तर ती आताच करावयास हवी.