डोके दुखते, मूळ मानेत



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते गुरुजी वर्गात येताच ‘ताठ बसा’ असे बजावीत. मराठीच्या प्राध्यापकाने वैद्यकीय विषयावर बोलणे धाडसाचे खरे. परंतु हा विषय मी वाचण्यापूर्वी अकरा वर्षे भोगला आहे. इंदूरला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून झाले की उजवीकडे मानेच्या वरच्या टोकाशी कळ उठे आणि डोळ्यामागे येऊन ठाके. मी तिला अर्धशिशी म्हणत राहिलो व वेदनाशामक गोळ्या घेत राहिलो. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास त्यांनीच डोके दुखू लागते, हे मला फार उशिरा कळले.

मानेचे दुखणे डोक्यात जाणवते तरी कसे? मानेतील वरच्या तीन मज्जातंतूंचे संदेश आणि चेहरा-कपाळाची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूचे संदेश मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. कळ मानेतून निघाली तरी मेंदू ती कपाळाच्या नावे जमा करतो. नॉर्वेतील मज्जाविकारतज्ज्ञ ओटार शोस्टाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या विकाराला ‘सर्व्हायकोजेनिक हेडेक’ असे स्वतंत्र नाव दिले. आपण त्याला ग्रीवाजन्य शिरःशूल म्हणू. हे दुखणे बहुधा एकाच बाजूचे असते, बाजू बदलत नाही, आणि मानेच्या हालचालीने वाढते. मात्र अर्धशिशीतही मान दुखते, म्हणून निदान आपले आपण करू नये.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मला एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंकडे धाडले. त्यांनी माझी मान पूर्ण पुढे वाकवून दोन्हीकडे वळवून पाहिली. मानेचे जवळजवळ निम्मे वळणे पहिल्या दोन मणक्यांमध्येच होते. अशा स्थितीत निरोगी मान प्रत्येक बाजूस सुमारे ४४ अंश वळते. माझी उजवीकडे निम्म्यावरच अडली. बाईंनी ते सांधे हाताने हळुवार सैल केले आणि मग व्यायाम शिकवला: उताणे पडायचे, मानेखाली टॉवेलची घडी ठेवायची, डोके न उचलता ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची, दहा सेकंद थांबायचे, असे दहा वेळा. ‘एवढेच?’ मी विचारले. ‘सर, रोज करून दाखवा,’ त्या म्हणाल्या. मणक्यांना लगटून असलेले खोलवरचे स्नायू याने बळावतात. गळ्यावरचे ठळक स्नायू ताणले गेले तर व्यायाम चुकला असे समजावे.

ऑस्ट्रेलियात ग्वेंडोलिन जल आणि सहकाऱ्यांनी २०० रुग्णांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या हस्तोपचाराने डोकेदुखी कमी झाली, व्यायामानेही झाली, आणि तो गुण वर्षभरानंतरही टिकून होता.

परंतु डोकेदुखी अकस्मात व असह्य असेल, सोबत ताप, बोबडी वळणे वा हातापायांत दुर्बलता असेल, पडल्यानंतर उद्‌भवली असेल, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच जडली असेल, तर व्यायाम बाजूस ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. आणि केशकर्तनालयात मान कडकन मोडून घेण्याची आपली हौस! त्या झटक्याने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते. मीही ती हौस वर्षानुवर्षे पुरवली.

गुरुजींचे सांगणे मला आता अर्धे पटते. ताठ बसूनही दोन तास न हलणे मानेला जाचतेच. मी दर अर्ध्या तासाने पुस्तक मिटून अंगणात फेरी मारतो. कळ अजून क्वचित येते, पण गोळ्यांची डबी महिनोन्‌महिने उघडावी लागत नाही.